टपालाचे पार्सल आणि कचऱ्याचा हिशेब

(ग्रामीण उत्पादक गटांच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. आमसुले, पापड आणि मसाला टपालाने पाठवायचा तर तो कशात बांधावा, हा प्रश्न कार्यकर्त्यांच्या शिबिरात चर्चेला यावा काय, असे एखाद्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या गटाला हे बांधकाम रोज करावे लागते त्या गटाला विचारा. वर्षाच्या हिशेबात कच्च्या मालानंतरचा सर्वांत मोठा आकडा पुष्कळदा टपालहशील आणि खोके यांचाच असतो. आणि त्या खोक्यातून गावाबाहेर जाणारा कचरा कोणाच्या तरी अंगणात, नाल्यात किंवा गाईच्या पोटात जाऊन पडतो. म्हणजे प्रश्न पैशाचा आहे, तसाच न्यायाचाही आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या गावातला दहा-बारा स्त्रियांचा गट डोळ्यांसमोर आणावा. कोकम, आगळ, कुळथाचे पीठ, पोह्याचे पापड, मसाला असा त्यांचा माल. पूर्वी तो व्यापाऱ्याच्या हवाली होई आणि व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागे. आता मुंबई-पुण्याचा, इंदूर-बेंगळुरूचा ग्राहक फोनवर मागणी नोंदवतो, पैसे पाठवतो, आणि गट थेट त्याच्या नावे पार्सल रवाना करतो. दिवाळीत तर फराळाचे डबे अमेरिकेपर्यंत जातात. मधला दलाल गेला ही मोठीच गोष्ट झाली. मात्र दलालाबरोबर गोण्या, खोकी आणि वाहतुकीची जी जबाबदारी तो सांभाळत असे, तीही गटाच्या पदरात आली. आणि मग सोय म्हणून काय हाताशी येते? तालुक्याच्या दुकानात मिळणारी चकचकीत पाकिटे, फुग्याफुग्यांचे प्लॅस्टिक, थर्मोकोलचे तुकडे आणि तपकिरी चिकटपट्टीचे रीळ.

आपल्याकडे हे असेच चालत आले आहे, असे मात्र कोणी समजू नये. टपालाचे पार्सल मांजरपाटात शिवायचे, शिवणीवर लाख वितळवून मोहोर उठवायची, शाईने पत्ता लिहायचा, ही पद्धत कित्येकांच्या आठवणीत असेल. ते कापड पुढे पोतेऱ्याला किंवा गोधडीच्या अस्तराला जाई. हापूस आंबा भाताच्या पेंढ्यात बसून मुंबईला जात असे. आरे दुधाच्या काचेच्या बाटल्या केंद्रावर परत दिल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचे दूध मिळत नसे. तेलाचा पत्र्याचा डबा घरात आला की त्यात पुढची दहा वर्षे धान्य राही. आणि मुंबईच्या डबेवाल्यांचे तर सांगायलाच नको. 1890 पासून चालत आलेल्या त्या व्यवस्थेत भरलेला डबा दुपारी पोहोचतो आणि रिकामा डबा त्याच दिवशी घरी परततो. भांडे परत येते हे गृहीत धरूनच सगळी साखळी उभी आहे. खुद्द टपाल खात्याच्या कॅनव्हासच्या थैल्याही वर्षानुवर्षे गावोगाव फिरत राहिल्या, त्या कधी कोणी एकदा वापरून फेकल्या नाहीत.

तथापि जुने ते सगळे निर्दोष होते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. आंब्याच्या लाकडी पेट्यांसाठी कोकणात किती झाडे तोडली गेली, याचा विचार कोण करीत होते? पुठ्ठ्याचे खोके आले तेव्हा डोंगरावरचे ओझे काहीसे हलके झाले, हे मान्य केले पाहिजे. जुन्या वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्याची सवयही तशीच. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 साली त्याविरुद्ध इशारा दिला आणि 2018 च्या वेष्टन नियमांत त्याला मनाई केली. तेव्हा गटाने चकली रद्दीत गुंडाळली तर ती पर्यावरणाची सेवा होत नाही. तो ग्राहकाच्या प्रकृतीशी केलेला खेळ होतो. रद्दीची जागा खोक्यातील पोकळी भरायला, पदार्थापासून दूर.

कायद्याने काय केले ते थोडक्यात पाहू. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये, दुसऱ्याला 10,000 आणि तिसऱ्याला 25,000 रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद केली. केंद्र सरकारने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या काही वस्तू देशभर बंद केल्या, आणि हातातल्या पिशव्यांची किमान जाडी आधी 75 व नंतर 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन केली. पण केंद्राची ती यादी जरा बारकाईने वाचावी. कानकोरणी, फुग्याची दांडी, चमचे, पेले, ताटल्या, मिठाईच्या खोक्यावरचा पातळ पापुद्रा हे सर्व तिच्यात आहे. पार्सलाची प्लॅस्टिक थैली, फुग्याचे वेष्टन, पदार्थाची अनेक थरांची पाकिटे मात्र तिच्यात नाहीत. भाजीवालीच्या टोपलीवर नगरपालिकेचा माणूस धाड घालतो आणि कारखान्यातून बाहेर पडणारे चकचकीत पाकीट ताठ मानेने दुकानात लटकत राहते, हा विरोधाभास सामान्य माणसाच्या नजरेतून सुटलेला नाही.

या परिस्थितीत बाजाराने ‘हिरव्या’ मालाची एक नवी रांग गटांपुढे मांडली आहे, आणि इथे सावध राहायला हवे. मक्याच्या पिष्टापासून किंवा उसाच्या साखरेपासून केलेले, ‘मातीत मिसळणारे’ प्लॅस्टिक म्हणून जे विकले जाते, ते बहुधा पॉलिलॅक्टिक आम्ल या जातीचे असते. त्याचे खत होते हे खरे. पण ते साठ अंशांच्या आसपास तापमान टिकवून धरणाऱ्या औद्योगिक खतप्रकल्पात. परसातल्या खड्ड्यात, समुद्रात किंवा रस्त्याकडेच्या ढिगात ते साध्या प्लॅस्टिकसारखेच पडून राहते. तालुक्याच्या गावी असा प्रकल्प कुठे आहे? शिवाय ते इतर प्लॅस्टिकमध्ये मिसळले तर त्या चांगल्या मालाचा पुनर्वापरही बिघडवते. दुसरा प्रकार ऑक्सो-विघटनशील म्हणवणारा. त्यात घातलेल्या क्षारांमुळे प्लॅस्टिकचा भुगा होतो, नाश होत नाही. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशाने या प्रकारावर बंदी घातली ती याच कारणासाठी. प्लॅस्टिक डोळ्यांआड झाले म्हणजे संपले असे समजणे म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिण्यासारखे आहे. आपल्या देशात अशा मालाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. विक्रेत्याकडे त्या प्रमाणपत्राची प्रत मागावी. ती न दाखवता तो नुसते हिरवे पान छापलेली पिशवी पुढे करील, तर तिथून उठावे.

कापडाचेही असेच. 2018 नंतर कापडी पिशव्या शिवण्याचे काम बचत गटांकडे आले, आणि त्याने कित्येक घरांत दोन पैसे आले, हे चांगलेच झाले. परंतु कापूस पिकवायला पाणी लागते, खत लागते, फवारण्या लागतात. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्व परिणामांचा हिशेब धरला तर साधी सुती पिशवी 7,100 वेळा वापरली तरच ती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करते, असा निष्कर्ष निघाला. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने केवळ हवामानावरील परिणाम मोजला तेव्हा हा आकडा 131 आला होता. आकड्यांत एवढा फरक का पडतो, हा तज्ज्ञांच्या वादाचा विषय आहे. प्लॅस्टिक नदीत जाऊन पडल्यावर काय होते, हे या दोन्ही हिशेबांत नीटसे बसत नाही, हा आक्षेपही रास्त आहे. मात्र गटाने एवढे जरूर घ्यावे, की मसाल्याच्या पाव किलोच्या पुडीसाठी शोभेची सुती थैली द्यायची आणि ती ग्राहकाने पहिल्याच दिवशी टाकून द्यायची, ही उधळपट्टी आहे. थैली द्यायचीच तर ती परत परत वापरली जाईल अशी दणकट हवी. नाही तर देऊच नये. कापडासारखी दिसणारी, शिवण नसलेली जी रंगीत पिशवी मिळते ती पॉलिप्रॉपिलीन असते, म्हणजे प्लॅस्टिकच. तिला कापड समजून घेणारे अजूनही पुष्कळ आहेत.

मग परीक्षा कोणती लावायची? प्रयोगशाळा गटाच्या हाताशी नाही. पण एक परीक्षक प्रत्येक शहरात आहे आणि तिची पारख सहसा चुकत नाही. ती म्हणजे कचरा वेचणारी बाई. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघून महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा उचलू लागली. या स्त्रियांच्या पोत्यात काय जाते आणि काय मागे राहते, ते पाहावे. पुठ्ठा जातो, कारण त्याला भंगारात भाव आहे. पेट बाटली जाते. जाड, स्वच्छ, एकाच जातीचे पॉलिथिन जाते. वेफर्सची अनेक थरांची चकचकीत पाकिटे मागे राहतात, कारण त्यांतील प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर वेगळे करणे परवडत नाही आणि भंगारवाला ती घेत नाही. थर्मोकोल मागे राहतो; वजन नाही, जागा मात्र भरमसाट. चिकटपट्टीने अंगभर लपेटलेले खोके जाते, पण कमी भावात. म्हणजे गटाच्या हातातली चिकटपट्टी पुण्यातल्या एका कष्टकरी बाईच्या दिवसाच्या कमाईतून थोडेसे कापून घेते, आणि दोघींची कधी भेटही होत नाही.

ही परीक्षा हाती धरली की बरेचसे निर्णय सोपे होतात, आणि काही तर प्रचलित समजुतीच्या उलट निघतात. आगळीचे उदाहरण घ्या. काच शुद्ध, काच चांगली, म्हणून आगळ काचेच्या बाटलीत भरावी असे शहरी ग्राहकाला वाटते. स्थानिक बाजारात, बाटली परत येत असेल तर ते अगदी योग्य. पण टपालाने हजार किलोमीटर जायचे तर काचेचे वजन, तिच्याभोवतीचे गादीसारखे वेष्टन, आणि इतके करूनही वाटेत होणारी फूटतूट हे सगळे धरावे लागते. फुटलेली काच वेचणारीचे हात कापते आणि तिला मोलही नगण्य. आगळ आंबट आणि खारट, पत्र्याला ती चालत नाही. अशा वेळी साधी, पारदर्शक पेट बाटलीच अधिक शहाणपणाची, कारण ती ठेचकाळली तरी सांडत नाही आणि शेवटी पोत्यात जाते. प्लॅस्टिकविरोधी सभेत हे सांगितले तर टाळ्या पडणार नाहीत, हे उघड आहे.

पापडाचे आणि मसाल्याचे तसेच. कागदातून दमट हवा आत जाते. कोकणच्या पावसाळ्यात कागदी पुडीतला पापड चार दिवसांत सादळतो आणि ग्राहक तो फेकून देतो. वाया गेलेले अन्न म्हणजे त्यामागचे उडीद, पाणी, सरपण आणि बायकांचे श्रम वाया. म्हणून आतली पिशवी एकाच जातीच्या, खाद्यपदार्थांना चालणाऱ्या पॉलिथिनची असावी. तिच्यावर चमक नको, ॲल्युमिनियम नको, तिला कागद डकवलेला नको. शक्य तर ग्राहकाने धुऊन परत वापरावी इतकी जाड. बाकी सगळे, म्हणजे बाहेरचे खोके, आतला आधार आणि वरची पट्टी, कागदाचे. डिंक लावलेली कागदी पट्टी ओली करून चिकटवायला अर्धा मिनिट जास्त लागतो; पण ती खोक्याबरोबरच लगद्यात जाते. पुस्तके पाठवणाऱ्या लहान प्रकाशकांना तर तपकिरी कागद आणि दोन पुठ्ठे एवढ्यावरच भागते, पावसाचे चार महिने सोडले तर.

आता खोक्याच्या आकाराकडे वळू. साहित्य कोणते यावर जेवढी चर्चा होते तिच्या दशांशही आकारावर होत नाही, आणि खरी बचत मात्र तिथेच आहे. कुरिअरवाले केवळ वजन पाहत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून तिला 5,000 ने भागतात, आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा मोठा असेल तर त्यावर पैसे लावतात. एक किलो पापड 30 बाय 20 बाय 20 च्या खोक्यात टाकला तर घनफळ 12,000, भागाकार 2.4. म्हणजे एक किलोच्या मालाला जवळजवळ अडीच किलोचा आकार. तोच पापड 25 बाय 20 बाय 8 च्या खोक्यात नीट रचला तर भागाकार 0.8 येतो आणि आकार प्रत्यक्ष वजनाचाच लागतो. कागद कमी, पोकळी भरायला काही नको, गाडीत जागा कमी. तीन मापांची खोकी ठरवून घेतली तर बहुतेक गटांचे काम भागते. एकाच मोठ्या मापाची शंभर खोकी स्वस्त मिळाली म्हणून घ्यायची आणि त्यांत हवा भरून देशभर पाठवायची, ही स्वस्ताई शेवटी फार महाग पडते.

किराणा दुकानातून आलेली वापरलेली खोकी उलटी करून वापरण्याला कोणाचा आक्षेप असू नये. पूर्वीचे पत्ते आणि पट्ट्या मात्र झाकून टाकाव्यात, नाहीतर टपालखात्यात घोटाळा होतो. एकदा भिजलेले किंवा घडीवर मऊ पडलेले खोके जड मालाला घेऊ नये. काही ग्राहक नाक मुरडतात. पार्सल उघडताना त्यांना भेटवस्तू उघडल्याचा आनंद हवा असतो, रंगीत कागदाच्या झिरमिळ्या हव्या असतात. या हौशीची किंमत कोण मोजतो, हे खोक्याच्या झाकणावर दोन ओळींत छापून सांगायला गटाने संकोच करू नये. बरेच ग्राहक समजूतदार असतात. फुटणाऱ्या वस्तूंसाठी आत काथ्या, भाताचा पेंढा किंवा कागदाच्या पट्ट्या चालतात. परदेशी पार्सलात मात्र पेंढा घालू नये. कीड जाऊ नये म्हणून अनेक देश तो अडवतात. लाकडी चौकटीलाही उष्णताप्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो.

इथवर जे सांगितले ते गटाच्या आवाक्यातले. पण एवढ्यावर थांबणे म्हणजे सगळा सद्गुण सर्वांत दुबळ्याच्या गळ्यात बांधणे होईल. खोक्याचा भाव गावातल्या बाईच्या हातात नाही. चीनने 1 जानेवारी 2021 पासून टाकाऊ कागदाची आयात पूर्ण बंद केली, तेव्हा तिथल्या गिरण्यांनी रद्दीऐवजी तयार तपकिरी कागदाची रिळे परदेशांतून उचलायला सुरुवात केली. भारतातल्या क्राफ्ट गिरण्यांचा माल तिकडे वळला आणि इथे खोक्यांचे भाव चढले. हजारो मैलांवरच्या एका निर्णयाने तालुक्यातल्या पापडाच्या पार्सलाचा हिशेब बिघडला. 22 सप्टेंबर 2025 पासून खोक्यावरचा वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह. पण ज्या कागदाचे खोके होते त्यावर 18 टक्के लागू झाले. छोट्या खोकेवाल्याचे भांडवल त्या फरकात अडकून पडते, आणि तो शेवटी वसुली कोणाकडून करणार?

ज्यूटचे उदाहरण या ठिकाणी बोलके आहे. 1987 साली संसदेने कायदा करून ठराविक माल ज्यूटच्या पोत्यातच भरण्याची सक्ती केली. आजही त्या कायद्याखाली धान्य पूर्णपणे आणि साखर वीस टक्के ज्यूटमध्ये भरण्याचा नियम आहे. सरकारी आकड्यांप्रमाणे त्यावर सुमारे चाळीस लाख शेतकरी कुटुंबे आणि पावणेचार लाख गिरणी कामगार अवलंबून आहेत. या कायद्यात पळवाटा नाहीत असे नव्हे. पण वेष्टन कशाचे असावे हे समाज ठरवू शकतो, ते बाजारावरच सोडले पाहिजे असे नाही, हे त्याने दाखवून दिले. मग पार्सलाच्या बाबतीत शासनाने हात का झटकावेत? देशात 1,64,000 च्या वर टपाल कार्यालये आहेत, त्यांतील बहुसंख्य खेड्यांत. पोस्टमन दारात पार्सल देतो आणि रिकाम्या हाताने परततो. त्याच हातात दुमडलेली, दणकट, परतीची थैली देता आली, तिच्यावर पन्नास-शंभर रुपये अनामत ठेवता आली, तर ती थैली पुढच्या गटाच्या मालाला निघेल. टपालाची जुनी कॅनव्हासची थैली जे करीत होती तेच, फक्त ग्राहकाच्या दारापर्यंत. यासाठी परदेशी तज्ज्ञ आणण्याची गरज नाही; डबेवाल्याला विचारले तरी पुरे. त्याच्याकडून शिकायचे ते एवढेच, की परतीचा प्रवास हा उपकार नसतो, व्यवस्थेचा अर्धा भाग असतो, आणि त्याचे पैसे आधीच धरावे लागतात.

तोपर्यंत तालुक्याच्या पातळीवर एक काम उद्यापासून सुरू करता येईल. खोके बनवणारा कारखाना शंभर नगांची मागणी मनावर घेत नाही. हजारांत मागणी असली की मापही मनासारखे मिळते आणि भावही. दहा-पंधरा गटांनी मिळून तीन मापे ठरवावीत, छपाई एका शाईची ठेवावी, खोक्यावर गटाचे नाव छापण्याऐवजी मोकळी चौकट ठेवून तिथे रबरी शिक्का मारावा, म्हणजे एकच खोके सर्वांना चालेल. कागदी पट्टीचीही खरेदी एकत्र करावी. साठा ठेवायला कोरडी जागा हवी. शाळेची किंवा सोसायटीची एखादी खोली, जमिनीपासून वीतभर उंच फळ्या टाकून. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना ही विनंती पावसाळ्यापूर्वीच करावी. दिवाळीच्या मागण्या नवरात्रापासून यायला लागतात, तेव्हा खोक्यांची मागणी भाद्रपद सुरू होण्याआधी कारखान्यात पोहोचली पाहिजे. कोणत्या गटाला कोणत्या मापाची किती लागतील, त्याचे कागद आज जेवणानंतरच्या बैठकीत भरून घ्यायचे आहेत.